पिन बसली, पण चित्र कुठाय?

इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली की गावाकडच्या घरात आपलं एक पद आपोआप ठरून जातं. तुम्ही सिव्हिलला असा, मेकॅनिकलला असा नाहीतर कॉम्प्युटरला. मिक्सर बंद पडला, इन्व्हर्टर बोंबलायला लागला, की "पोरगं सुट्टीला येऊ दे, त्ये बघंल" असं म्हणून ती वस्तू दिवाळीपर्यंत फडक्याखाली झाकून ठेवली जाते. यातलं सर्वांत जास्त वेळा वाट्याला येणारं काम म्हणजे रेकॉर्डर टीव्हीला जोडणं. चार वायरी, चार भोकं. काम दहा मिनिटांचं वाटतं आणि अर्धा दिवस जातो. शेवटी आजी विचारते, "येवढं शिकतुयास, येक डबा जोडाय येईना व्हय?" या प्रश्नाचं उत्तर सिलॅबसमध्ये आहे, पण वेगवेगळ्या चार विषयांत विखुरलेलं. ते एका जागी आणावं म्हणून हा लेख.

आमच्या बिद्रीकडं, म्हणजे कागल तालुक्यात दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याच्या आसपास, 'रेकॉर्डर' या एका शब्दात तीन वेगळ्या वस्तू येतात. पहिली, फ्री डिशचा बॉक्स. दूरदर्शनची ही मोफत सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावानं सुरू झाली. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच बॉक्सना पुढं यूएसबीचं भोक असतं आणि पेनड्राइव्ह लावला की चाललेला कार्यक्रम त्यात उतरतो. दुसरी, डीटीएच कंपनीचा हार्डडिस्क असलेला बॉक्स. टाटा स्कायनं २००८ मध्ये 'टाटा स्काय प्लस' आणला तेव्हा चालू कार्यक्रम थांबवून जेवून येता येतं याचंच लोकांना नवल वाटलं होतं. आणि तिसरी, सध्या सर्वांत जास्त दिसणारी, सीसीटीव्हीचा डीव्हीआर. रात्री उसाला पाणी पाजायला माणसं शेतात, घरात म्हातारी माणसं, मागं गोठ्यात म्हशी. मग दारात एक आणि गोठ्यावर एक कॅमेरा हवाच. तो डीव्हीआर सोप्यातल्या टीव्हीला जोडायचा म्हणजे आजीला खाटेवर बसून गोठा दिसेल, अशी मागणी असते.

तिन्हींचं दुखणं मात्र एकच. भोकाचा आकार आणि भोकातून वाहणारा सिग्नल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिन बसली की आपण समजतो जुळलं. पिनेला सिग्नलमधलं काही कळत नाही.

थोडं मागं जाऊ. गणपतीत वर्गणी काढून भाड्यानं व्हीसीआर आणायचे तो काळ आपल्या आईवडिलांना आठवत असेल. तेव्हाच्या टीव्हीला एकच भोक, ॲन्टेनाचं. व्हीसीआर काय करायचा? चित्र आणि आवाज एका कॅरिअरवर चढवून स्वतःच एक लहानसं प्रक्षेपण केंद्र व्हायचा, आणि टीव्ही त्या चॅनेलला ट्यून करावा लागायचा. चित्र जरा मळकट यायचं, पण घोटाळा कमी. नंतर कॅरिअर काढून टाकला आणि नुसता व्हिडिओ सिग्नल पिवळ्या पिनेतून द्यायला सुरुवात झाली. हाच कंपोझिट व्हिडिओ. ७५ ओहमच्या भारावर सगळा मिळून १ व्होल्ट, त्यातले ०.३ व्होल्ट सिंकसाठी, ०.७ व्होल्ट चित्रासाठी. आपल्याकडं पाल पद्धत, म्हणजे ६२५ ओळी, सेकंदाला ५० फील्ड, एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची आणि रंगाचा सबकॅरिअर सुमारे ४.४३ मेगाहर्ट्झ. अमेरिकेच्या एनटीएससीत ५२५ ओळी आणि सबकॅरिअर सुमारे ३.५८ मेगाहर्ट्झ. डीव्हीआर किंवा बॉक्सच्या सेटिंगमध्ये चुकून एनटीएससी निवडलं असेल, तर जुन्या टीव्हीवर चित्र काळंपांढरं येतं किंवा वरखाली पळतं. टीव्ही बिघडला म्हणून तो दुकानात न्यायच्या आधी हे मेनूत बघा. रंगीत टीव्ही आपल्याकडं १९८२ पासून आहे, पण घरोघरी अजून या कारणानं काळंपांढरं चित्र बघणारे लोक सापडतात!

पिवळ्या पिनेची दुसरी गंमत एलईडी टीव्हीवर दिसते. जागा वाचवण्यासाठी बऱ्याच टीव्हींवर हिरवं भोक दोन कामांना वापरलेलं असतं: कंपोनंटचा 'वाय' आणि साधा कंपोझिट. पिवळी पिन हिरव्या भोकात घातली आणि रिमोटवर सोर्स 'कंपोनंट' निवडला, तर टीव्ही त्या सिग्नलमधला फक्त उजेड-अंधार वाचतो. पुन्हा काळंपांढरं! लक्षण तेच, कारण वेगळं, आणि उपाय एक बटण: सोर्स 'एव्ही' करा.

कित्येक बॉक्सना आता तीन भोकांऐवजी हेडफोनसारखं एकच भोक असतं. त्याची केबल पुढं लाल, पांढरी, पिवळी अशी फुटते. त्या जॅकवर चार पट्टे असतात, आणि कुठल्या पट्ट्यावर व्हिडिओ, कुठल्यावर ग्राउंड, याबद्दल कंपन्यांत एकवाक्यता नाही. मोबाइलच्या दुकानातून आणलेली केबल बसते, पण स्पीकरमधून नुसता गुरगुर आवाज येतो. तो आवाज म्हणजेच तुमचं चित्र. व्हिडिओ चुकून ऑडिओच्या भोकात गेलाय. अशा वेळी रंग विसरा आणि तिन्ही पिना आळीपाळीनं पिवळ्या भोकात घालून बघा. ग्राउंड जागेवर असेल तर एकीला चित्र येतंच. तरीही नाही आलं तर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावून पट्टे तपासा. प्रॅक्टिकलला जे कंटाळत कंटाळत करतो, ते इथं पाच मिनिटांत कामाला येतं.

सीसीटीव्हीत हाच प्रकार बीएनसीवर होतो. कॅमेऱ्याची बीएनसी काढून, पुढं आरसीएचं टोपण लावून थेट टीव्हीत घालणारे पुष्कळ. आधीच्या ॲनालॉग कॅमेऱ्यांना ते चालायचं, कारण ते कंपोझिटच पाठवायचे. हल्लीचे एचडी कॅमेरे त्याच कोॲक्स केबलवर वेगळ्या पद्धतीचा, कितीतरी जास्त बँडविड्थचा सिग्नल पाठवतात. टीव्हीच्या पिवळ्या भोकाला त्यातलं काही समजत नाही. काही कॅमेऱ्यांच्या वायरीवर बारीक बटण असतं, ते दाबून धरलं की कॅमेरा कंपोझिटवर येतो. शिडीवर चढून कॅमेऱ्याचं तोंड नीट करताना हे फार उपयोगी. रोजच्या वापराला मात्र मध्ये डीव्हीआर लागणारच.

आता एचडीएमआय. इथं पहिल्यांदाच दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात, आणि बोलणं फिसकटलं की 'नो सिग्नल'. एचडीएमआयला १९ पिना. डीव्हीआर १८ नंबरच्या पिनेवर ५ व्होल्ट देतो. टीव्ही १९ नंबरची पिन वर खेचतो, म्हणजे 'मी आहे' असं सांगतो. मग डीव्हीआर १५ आणि १६ वरून टीव्हीची कुंडली वाचतो. ही कुंडली म्हणजे ईडीआयडी: कंपनी, पडद्याचा आकार, कुठली रेझोल्यूशन चालतात. त्यानुसार डीव्हीआरनं चित्र पाठवायचं. हे सगळं प्रोटोकॉलमध्ये छान आहे, पण स्वस्तातले काही डीव्हीआर चालू होताना एकदाच विचारतात. टीव्ही त्या वेळी बंद असेल किंवा दुसऱ्या सोर्सवर असेल, तर ते आपल्या मनानं काहीतरी ठरवतात. ते १२८० बाय १०२४ असलं की कॉम्प्युटरचा मॉनिटर खूश आणि टीव्ही गप्प. म्हणून क्रम असा ठेवा: आधी टीव्ही, मग टीव्हीवर बरोबर एचडीएमआय क्रमांक, आणि शेवटी डीव्हीआरचं बटण. एवढ्यानं भागलं नाही तर कुणाचा तरी मॉनिटर व्हीजीएवर लावा, मेनूत जाऊन १२८० बाय ७२० करा, सेव्ह करा आणि परत टीव्हीवर या. काही डीव्हीआरमध्ये माउसचं चाक दाबून धरलं तरी आउटपुट बदलतं.

केबलच्या लांबीबद्दल एक हिशोब. १०८० पी, ६० हर्ट्झला पिक्सेल क्लॉक १४८.५ मेगाहर्ट्झ, प्रत्येक रंगाला १० बिट, म्हणजे एका जोडीवर १.४८५ गिगाबिट आणि तिन्ही मिळून ४.४५५ गिगाबिट प्रति सेकंद. एवढा वेग साध्या तांब्याच्या वायरीत लांबवर टिकत नाही. डीव्हीआर माडीवर कपाटात आणि टीव्ही खाली सोप्यात, मध्ये २० मीटर एचडीएमआय केबल, असं केलं की पडद्यावर चांदण्या पडतात किंवा चित्र मध्येच जातं. अशा ठिकाणी कॅट-६ वायरीवर चालणारा एक्स्टेंडर घ्यावा. किंवा सरळ डीव्हीआरच टीव्हीजवळ आणावा, कारण कॅमेऱ्याची कोॲक्स शेकडो मीटर कुरकुर न करता जाते. पण चोर घरात शिरला की टीव्हीखालचा डीव्हीआर आधी उचलतो, हेही लक्षात असू द्या. मी स्वतः माडीवरच्या कपाटाच्या बाजूनं आहे.

आणि कन्व्हर्टर घेताना बाण बघा. 'एव्ही टू एचडीएमआय' आणि 'एचडीएमआय टू एव्ही' या दिसायला सारख्या दोन डब्या मिळतात. एक ॲनालॉगचं डिजिटल करते, दुसरी उलट. त्या उलट्या बाजूनं चालत नाहीत, आणि ५ व्होल्टची वायर लावल्याशिवाय बहुतेक चालतच नाहीत. कोल्हापूरपर्यंत जाऊन चुकीची डबी आणायची आणि दुकानदाराशी भांडायचं, हा उद्योग एका बाणाकडं बघून वाचतो.

इथपर्यंतच्या चुकांनी फार तर चित्र येत नाही. आता ज्या भागासाठी खरं तर मी लिहायला बसलो तो भाग.

रेकॉर्डर जोडला की कधी कधी टीव्हीच्या मागच्या धातूला हात लागल्यावर झिणझिण्या येतात. घरातले म्हणतात, "जरा करंट मारतंय, पर चालतंय." का मारतो? दोन पिनांच्या ॲडॅप्टरमध्ये प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, नॉइज दाबण्यासाठी. समजा तो २.२ नॅनोफॅरडचा आहे. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला त्यातून फार तर ०.१६ मिलिॲम्पिअर जाऊ शकतो. माणसाला साधारण अर्ध्या मिलिॲम्पिअरच्या आसपास जाणवायला लागतं, त्यामुळं एकटा बॉक्स बोलत नाही. पण तुम्ही एचडीएमआयनं सेटटॉप बॉक्स, डीव्हीआर आणि टीव्ही एकमेकांना जोडलेत. तिघांची शिल्डं एक झाली, तिघांच्या गळत्यांची बेरीज झाली, आणि कुणालाच अर्थिंग नाही. म्हणजे तुमच्या जोडणीनं नवा बिघाड झाला नाही, आधीच्या तीन गोष्टींची बेरीज बोटाला कळली इतकंच.

ही गळती माणसाला मारत नाही, पण चिपला मारते. तो कपॅसिटर ३२५ व्होल्टच्या शिखरापर्यंत चार्ज असू शकतो. म्हणजे एक दशांश मिलिजूलपेक्षा थोडी जास्त ऊर्जा. आरसीए पिनेची रचनाच अशी आहे की मधला दांडा आधी टेकतो आणि बाहेरचं ग्राउंड नंतर. त्या मधल्या क्षणात सगळा डिस्चार्ज सिग्नलच्या वाटेनं जातो. एचडीएमआयमध्ये बाहेरचं कवच आधी टेकतं, तरी चालू यंत्रात पिन घालण्यात शहाणपण नाही. दोन्हीकडचे बोर्ड बंद करा, पिना घाला, मग चालू करा. रिमोटनं बंद केलेला टीव्ही बंद नसतो.

खरा धोका पुढं आहे. कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट देणारी जाळीची धातूची पेटी असते, एसएमपीएस. तिच्या पट्टीवर एल, एन आणि अर्थचा असे स्क्रू असतात. आमच्याकडं मी बघितलेल्या बहुतेक पेट्यांत तिसरा स्क्रू रिकामा. कारण काय तर घरात दोनच वायरी आल्यात, किंवा थ्री-पिनमधली मोठी पिन मोडून टू-पिनच्या बोर्डात घातलीय. काही ठिकाणी चित्रातले पट्टे घालवायला म्हणून मुद्दाम अर्थ काढलेली असते. आता आत फेजची वायर घासून पेटीला टेकली तर काय होईल? अर्थ असती तर फ्यूज उडाला असता किंवा एमसीबी पडला असता. अर्थ नाही, म्हणून पेटी २३० व्होल्टवर जाऊन शांत बसते. पेटीचा धातू बऱ्याचदा १२ व्होल्टच्या निगेटिव्हशी किंवा कॅमेऱ्याच्या लोखंडी खांबाशी जोडला गेलेला असतो, निगेटिव्ह बीएनसीच्या शिल्डशी, शिल्ड डीव्हीआरशी, डीव्हीआर एचडीएमआयनं टीव्हीशी, टीव्ही सेटटॉप बॉक्सशी, आणि बॉक्सची कोॲक्स गच्चीवरच्या डिशशी. डिशच्या पाइपला कपडे वाळत घालायची तार बांधलेली असते. जूनच्या पावसात ओल्या पायांनी त्या तारेवरचे कपडे काढायला कोण जातं, ते सांगायला नको. सोप्यात जोडलेल्या एका केबलीनं गोठ्यातला फॉल्ट गच्चीवर नेला.

त्यामुळं कुठलीही केबल लावायच्या आधी टेस्टर आणि मल्टिमीटर घेऊन बोर्ड तपासा. थ्री-पिनच्या फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ २३० व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एखाददुसरा व्होल्ट. फेज आणि अर्थमध्ये ६०, ९० असं काहीतरी तरंगतं रीडिंग आलं तर अर्थ नावापुरती आहे. खड्ड्यातल्या मीठ-कोळशाला वर्षानुवर्षं कुणी पाणी घातलेलं नसतं. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी घालणं हे म्हशीला पाणी दाखवण्याइतकंच रोजचं काम समजावं. नवी अर्थिंग लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या, आणि बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवायचा आग्रह धरा. डीव्हीआरच्या किमतीपुढं तो खर्च काहीच नाही.

याच कारणानं हॉस्टेलवरच्या हौशी मंडळींना एक गोष्ट निक्षून सांगतो. भंगारातला जुना सीआरटी टीव्ही आणायचा, त्याला एव्हीचं भोक नसतं म्हणून आत स्वतः सॉकेट सोल्डर करायचं आणि डीव्हीआर किंवा गेम लावायचा, हा प्रयोग करू नका. १९८० च्या दशकातल्या बऱ्याच सेटांत मेन्स आणि चॅसिसमध्ये ट्रान्सफॉर्मर नव्हता; चॅसिसच थेट लाइनला जोडलेलं, म्हणून सगळं लाकडात किंवा प्लास्टिकमध्ये बंद. ॲन्टेनाचं भोकसुद्धा कपॅसिटरमधून वेगळं काढलेलं. त्यात तुम्ही सॉकेट बसवलं की त्याचं कवच थेट मेन्सवर. अशा टीव्हीला आरएफ मॉड्युलेटरची डबी लावून ॲन्टेनाच्या भोकातूनच जायचं, जसा व्हीसीआर जायचा.

आता मघाशी उल्लेख केलेल्या पट्ट्यांकडं येऊ. गोठ्याच्या कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे अंधूक पट्टे हळूहळू वर किंवा खाली सरकताना दिसतात. हा ग्राउंड लूप. गोठ्याकडचं ग्राउंड आणि घराकडचं ग्राउंड यांच्यात थोडा व्होल्टेज फरक, आणि कोॲक्सच्या शिल्डमधून ५० हर्ट्झचा प्रवाह. पट्टे हळू का सरकतात? पालमध्ये सेकंदाला ५० फील्ड आणि विजेची वारंवारता जवळजवळ ५०. ग्रिड ४९.९ वर असेल तर फरक ०.१ हर्ट्झ, म्हणजे पट्ट्याला पूर्ण पडदा ओलांडायला १० सेकंद. घड्याळ लावून मोजा. टीव्हीवर ग्रिडची फ्रीक्वेन्सी वाचता येते. असली मजा लॅबमध्ये नाही! पण पट्टे घालवायला अर्थ काढायची नाही. कॅमेरा खांबापासून इन्सुलेट करा, म्हणजे मध्ये लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी द्या. कॅमेरा आणि डीव्हीआर एकाच बोर्डावरून चालवा. नाहीच जमलं तर बीएनसीच्या मध्ये बसणारा व्हिडिओ आयसोलेटर मिळतो. एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात आभाळ गडगडायला लागलं की बोर्डाच्या पिनेबरोबर कॅमेऱ्याच्या बीएनसी आणि डिशची वायरही काढा. लांबच्या केबलीत वीज न पडताही सर्ज येतो.

चित्र आलं, करंट नाही, पट्टे नाहीत. तरी काम संपलेलं नसतं, कारण वस्तू रेकॉर्डर आहे आणि रेकॉर्डिंग अजून बघितलेलं नाही. चार कॅमेरे, प्रत्येकी २ मेगाबिट प्रति सेकंद धरा. झाले ८ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट, दिवसाला ८६.४ गिगाबाइट. १ टेराबाइटची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि मग जुनं पुसत जाते. एच.२६५ वर सेटिंग केलं तर साधारण दुप्पट दिवस मिळतात. मोटार चोरीला गेल्याचं पंधरा दिवसांनी लक्षात आलं, तर पहिल्या हिशोबात ती रात्र डिस्कवर नसते. फ्री डिशच्या पेनड्राइव्हला वेगळी मर्यादा: एफएटी३२ मध्ये एक फाइल ४ गिगाबाइटच्या वर जात नाही. ३ मेगाबिटला साधारण सव्वातीन तास झाले. डीटीएचच्या हार्डडिस्कवरचं रेकॉर्डिंग तर त्या बॉक्सपुरतंच कुलूपबंद असतं. डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तरी चालत नाही. बॉक्स बदलला की ताईच्या टीव्हीवरच्या नाचाचा कार्यक्रमही गेला. कंपनीचं नाव २०२२ मध्ये 'टाटा प्ले' झालं, ही कुलपाची पद्धत काही बदलली नाही.

डीव्हीआरचं घड्याळ मात्र त्याच दिवशी बघा. आतली सीआर २०३२ बटणसेल संपली असेल तर लाइट गेली की तारीख मागं जाते आणि रेकॉर्डिंग चुकीच्या दिवसाखाली जमा होतं. पोलिसांकडं क्लिप द्यायची वेळ आली तर आधी हेच विचारतात. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. म्हणून क्लिप मोबाइलनं टीव्हीचा फोटो काढल्यासारखी शूट करू नका. डीव्हीआरच्या मागं पेनड्राइव्ह लावा, बॅकअपमध्ये जाऊन तारीख आणि वेळ निवडा, मूळ फाइल काढा, आणि तिच्याबरोबर येणारा प्लेअरही कॉपी करा. काही डीव्हीआरच्या फाइली साध्या प्लेअरवर उघडत नाहीत.